तळव्याची जागा

सागाची पाने गळत होती.

फाल्गुन लागला होता आणि चुलबंद नदीच्या काठाने रानाची हाडे दिसू लागली होती. ती रुंद, करकरीत, तांबूस पाने एकेक करून सुटत, हवेत जराशी थबकत, आणि दगडांवर पडताना पापड मोडल्यासारखी वाजत. पडणे, वाजणे, पुन्हा शांतता. पडणे, वाजणे, पुन्हा शांतता. त्या मधल्या शांततेत दुपार इतकी मोठी होई, की माणूस तिच्यात सहज हरवून जावा.

गाव संपते आणि रान सुरू होते तिथे शालिक सुताराचे घर. घराच्या पडवीतच त्याचे काम चाले. छपराच्या कवेलूंच्या फटींतून उन्हाचे कवडसे उतरत; करवतीवर, पटाशीवर, भिंतीला टेकलेल्या फळ्यांवर घटकाभर बसत आणि उठून जात. पूर्वी त्या कवडशांत लाकडाचा भुसा सुवर्णधूलीसारखा तरंगे. आता तिथे काहीच तरंगत नव्हते. प्रकाश येई, रिकामा उभा राही, रिकामाच परते.

कार्तिकात आरागिरणीच्या त्या चकाकत्या, गरगरत्या, निर्दय करवती चाकाने शालिकचा उजवा हात मनगटापासून नेला होता.

हात गेला, पण हाताचे असणे गेले नाही. पहाटेच्या गारठ्यात नसलेली बोटे आखडत. नसलेल्या तळव्याला खाज सुटे आणि ती कुठे खाजवावी हे त्याला कळत नसे. झोपेतून उठताना तो त्या हातावर भार द्यायला जाई आणि अंथरुणात कोसळे. बायको रेवता जागी असे. पण ती डोळे उघडत नसे. नवऱ्याचे पडणे आपण पाहिले नाही, एवढेच काय ते तिला त्याला देता येत होते.

होळीला थोरला भाऊ गोमाजी आला. तो तुमसरला भाताच्या गिरणीत होता. धाकट्यासाठी त्याने तिथे चौकीदाराची जागा बोलून ठेवली होती.

"खुर्चीवर बसाचं. गाडी आली का फाटक उघडाचं," गोमाजी म्हणाला. "फाटकाले एक हात पुरते."

"मले एक रंधा करू दे, दादा. डाव्या हाताचा."

"लेका, लोकं हात गेला तं लाकडाचा हात करून घेतात. तू रंधा कायले करतं?"

चुलीपाशी बसलेली रेवता खुदकन हसली आणि लगेच तिने पदर तोंडाशी धरला. थोरल्या दिरासमोर ती कधी हसत नसे. शालिकही हसला. कितीतरी दिवसांनी त्या घरात हसू आले होते, आणि पाहुण्यासारखे उंबऱ्याशीच थांबून ते निघून गेले.

"डाव्या हातानं एक फळी साफ करून दावतो," शालिक म्हणाला. "नाही जमली, तं पाडव्याच्या आधी येतो तुह्यासंगं. उघडतो फाटक."

ज्याला फळी रंधता येत नाही तो सुतार कसला? हे कोणी त्याला म्हटले नव्हते. तोच स्वतःला म्हणत होता. जेवताना म्हणत होता, नदीवर म्हणत होता, सागाचे प्रत्येक पान पडताना म्हणत होता. लाकडावाचून त्याला दुसरे काही येत नव्हते. दुसरे काही व्हावे असे त्याला कधी वाटलेही नव्हते.

बापाने चुलीवरच्या माळ्यावर धावड्याच्या लाकडाचा एक ठोकळा ठेवलेला होता. वर्षानुवर्षांच्या धुराने काळवंडलेला, लोखंडासारखा जड, पिळदार, घट्ट. तसा दुसरा घरात नव्हता. रानातही आता तसा धावडा उरला नव्हता.

शालिकने तो पायांच्या तळव्यांत घट्ट धरला. डाव्या हातात पटाशी घेतली. आणि पटाशीवर ठोकायला? रेवताने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि त्याच्या थोट्या हाताला लाकडी मोगरी बांधली. रोज सकाळी ती बांधे, रोज संध्याकाळी सोडी. सोडताना पट्टीवर लाल डाग असे. ती तो धुई, वाळत घाली, आणि सकाळी पुन्हा तीच पट्टी, तीच गाठ, तीच दोघांची खाली वळलेली नजर.

हळूहळू रंधा आकाराला आला. हळूहळू म्हणजे किती हळू, ते सांगायला शब्द तोकडे आहेत. पूर्वी जे दोन घावांत व्हायचे त्याला सकाळ पुरत नसे. पटाशी निसटे. मोगरी तिरकी पडे. डावा हात लहान मुलासारखा चुके आणि लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा तीच चूक करी. तरीही पात्याची तिरपी खाच उतरली. पाते घट्ट बसवणारी पाचर तासून झाली. आणि रंध्याचे तोंड, ती तळाची चिंचोळी फट, जिच्यातून लाकडाचा पापुद्रा वर यायचा, ती इतकी बारीक उघडली की तिच्यातून पलीकडचा उजेड केसासारखा दिसे.

त्या केसाएवढ्या उजेडाकडे शालिक बराच वेळ पाहत बसला. त्याला तेवढाच उजेड पुरेसा होता.

उरली होती तळव्याची जागा.

रंध्याच्या पाठीवर, मागच्या अंगाला, एक उथळ खळगा कोरायचा असतो. तिथे तळवा टेकतो. एका कुशीला अंगठा रुततो, दुसऱ्या कुशीला चार बोटे वेढतात. त्यांच्या घराण्यात ही जागा डोळे मिटून कोरीत. बाप सांगे, "डोळे मीट. तळव्याले विचार." ज्याचा रंधा त्याचा तळवा, तळवा मागेल तेवढेच द्यायचे, तळवा पुरे म्हणेल तिथे थांबायचे. शालिकने आजवर केलेल्या साऱ्या रंध्यांच्या जागा अशाच, मिटल्या डोळ्यांच्या अंधारात, कोरल्या होत्या.

गोमाजी न्यायला यायचा होता त्या सकाळी शालिकने डोळे मिटले.

गोल पटाशी धावड्यात शिरली. मऊ, मंद, लयीत ती फिरू लागली. आणि एक नवल घडले. इतके महिने ठेचकाळणारा डावा हात अडखळेनासा झाला. कोणीतरी त्याला धरून नेत होते. इथे जरा खोल. इथे जरा उतार. इथे अंगठा, इथे बोटे. शालिकच्या मिटल्या पापण्यांखाली ऊब दाटून आली. पुढे काचेच्या तुकड्याने त्याने तो खळगा खरवडला, गुळगुळीत केला, फुंकर मारली, आणि फुंकर मारताना तो पुटपुटला, "जमलं." तळवा पुरे म्हणाला होता. तळवा सुखावला होता.

त्याने डोळे उघडले. डावा हात त्या जागेवर ठेवला.

अंगठ्याला जागा मिळेना.

त्याने हात फिरवला. पुन्हा ठेवला. अंगठ्याची खाच डाव्या कुशीला होती. बोटांचा वेढा उजव्या कुशीला होता. रेखीव, निर्दोष, आजवरच्या साऱ्या खळग्यांहून सुंदर. उजव्या तळव्याची जागा.

मिटल्या डोळ्यांच्या अंधारात त्याने ज्याला विचारले होते, तो तळवा नव्हताच. आणि नसलेल्या तळव्याने आपली जागा मागून घेतली होती.

धावडा खोल कोरला गेला होता. कोरलेले लाकूड परत येत नाही. दुसरा ठोकळा नव्हता. रान पाने टाकीत होते. पडणे, वाजणे, पुन्हा शांतता. आणि त्या शांततेत शालिक आपल्या हाताने आपल्याच हातासाठी खणलेल्या त्या खड्ड्याकडे पाहत राहिला. तो रडला असता तर बरे झाले असते.

गोमाजी दुपारी आला. जेवला. हात धुऊन पडवीत बसला, आणि पायाने एक फळी पुढे सारली. "हं, दाव."

शालिकने फळी मेजावर अडकवली. रंधा ठेवला. डावा तळवा त्या परक्या खळग्यावर टेकवून त्याने रेटा दिला. रंधा सटकला, कुशीवर कलंडला, फळीला ओरखडा काढून थांबला. त्याने पुन्हा रेटले. ओरखडा. थोटा हात वरून दाबून रेटले. खपली फुटली आणि फळीवर एक थेंब पडला. ओरखडा. पुन्हा. पुन्हा. हे रेटणे उरले नव्हते. बंद दारावर डोके आपटावे तसे ते झाले होते. घाम डोळ्यांत उतरत होता. दात करकरत होते. पाते लाकडाला चावे, पण सोलत नव्हते.

"पुरे बे, शाल्या," गोमाजी हळूच म्हणाला. "पुरे कर, बापा. चाल माह्यासंगं."

शालिकने रंधा दोन्हीकडून उराशी धरला, एका हाताने आणि एका खुंटाने, आणि तो कोनाड्यातल्या कुऱ्हाडीकडे वळला.

"थांबा," रेवता म्हणाली.

ती आतून आली होती. हाताला पीठ होते. थोरल्या दिरासमोर तिच्या डोक्यावरचा पदर घसरला आणि तिने तो सावरला नाही. तिने रंधा काढून घेतला, फळीवर ठेवला, आणि आपला उजवा तळवा त्या जागेवर टेकवला. जागा मोठी होती, हात लहान होता. बोटे वेढ्यात पुरी पोचत नव्हती. अंगठा मात्र खाचेत जाऊन बसला.

"काय करू, सांगा."

शालिक कुऱ्हाडीपासून मागे फिरला. "दाबू नोको. नुसती ढकल. खांद्यातून." त्याने डावा हात रंध्याच्या पुढच्या टोकावर ठेवला.

"फळी त्यानं कराची होती, रेवता," गोमाजी म्हणाला. रागावून नव्हे, घाबरून म्हणाला.

रेवताने पाय रोवले.

दोघे वाकले. रंधा अडला. पीठ आणि घाम यांत तिचा तळवा सरकला. शालिकने तिच्याकडे पाहिले नाही, तिने त्याच्याकडे पाहिले नाही. दोघांनी फक्त श्वास घेतला, आणि तो एकाच वेळी घेतला गेला. रंधा हलला. हलला, आणि धारेला लागला. त्या चिंचोळ्या, केसाएवढ्या फटीतून एक पापुद्रा वर आला. पारदर्शी, मधुवर्णी, उन्हात न्हालेला. आणि वर येतच राहिला, वळत राहिला, उमलत राहिला.

गोमाजी उठला. त्याने धोतराचा सोगा खोचला, पायांत वहाणा सरकवल्या, दारात घुटमळला. "जातो मी," तो रानाकडे तोंड करून म्हणाला. "एसटी चुकन माही." आणि एकटाच पाने तुडवत निघाला.

त्या दोघांनी ते ऐकले नाही. थांबायचे कसे हे दोघांनाही ठाऊक नव्हते. फळी संपली, रंधा तिच्या कडेवरून पुढे गेला, आणि त्याच्यामागून ती दोघेही एक पाऊल धडपडली. मग तशीच उभी राहिली, धापा टाकीत, रंधा अधांतरी धरून. आणि रंध्याच्या तोंडातून लोंबणारा तो एक अखंड पापुद्रा उन्हाच्या झुळकीत हलत राहिला, हलत राहिला, सुटेना.