हलकी पानं

“घुले सर, नारळ जरा वर धरा, फोटोत येईना,” प्राचार्य ओठ न हलवता म्हणाले.

घुले सरांनी नारळ वर धरला. धारूरच्या या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता त्यांचे केस गेले, पण सत्कार हा पहिलाच. कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात सगळ्यात जास्त पानं त्यांनी तयार केली होती.

तयार केली म्हणजे, ‘पान जोडा’ दाबायचं, मथळा टाकायचा, ‘प्रकाशित करा’ दाबायचं. मथळ्याखालच्या पांढऱ्या चौकटीत मजकूर नंतर भरू, असं त्यांनी अगदी मनापासून ठरवलं होतं. तेवढ्यात तपासणी समिती आली. समितीनं पानं मोजली. उघडून बघणं तिच्या कामात बसत नव्हतं, शिवाय जेवण थंड होत होतं.

विद्यार्थ्यांतर्फे पंचशीला बोलायला उठली. ती डोंगरातल्या वस्तीवरून यायची.

“बाकीच्या सरांची पानं नुसती गरगर फिरत बसत्यात. घुले सरांची लई हलकी हायेत. रेंजची एक कांडी आली तरी खटदिशी उघडत्यात.”

अध्यक्षांनी माईक ओढून घेतला. ग्रामीण नेटवर्कचा इतका बारकाईनं विचार आपण कुठंच पाहिला नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या. घुले सरांनीही वाजवल्या, एका हातानं, मांडीवर. दुसऱ्या हातात नारळ होता.

बाहेर पायऱ्यांवर पंचशीलानं त्यांना गाठलं.

“सर, मघा समद्यांसमोर बोलले न्हाई. तुमच्या पानाचा मथळाच दिसतो. खालचं काईच न्हाई. माजा मोबाईलच बाद हाय.”

सरांच्या मानेला शाल टोचू लागली. “कधीपासून?”

“पयल्या पानापासून. पोरींना इचारलं, तर त्यांनी कंदी उघडलंच नव्हतं. मंग दुकानात गेलते. त्यो म्हणला, आतलं समदं पुसून मोबाईल नवा करावा लागंल. केला.”

“मग?”

“तरीबी दिसंना. मायचा एकच फोटू व्हता त्यात. तेवढा गेला.”

तिची आई मागच्या वर्षी वारली, हे सरांना माहीत होतं. हजेरी घेताना कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्यांनी गैरहजेरी लावली होती.

“माजीच चूक, सर. दुसरीकडं ठिवायला पायजे व्हता.”

पान कोरं आहे, एवढंच सांगायचं होतं. सरांनी तोंड उघडलं.

“घुले सर! अध्यक्ष जेवायचे थांबलेत!” आतून हाक आली.

“रेंजचं... होतं असं कधीकधी,” सर म्हणाले.

“व्हय सर. तुमी नका मनाला लावून घिऊ,” म्हणत ती गाडी गाठायला स्टँडकडे पळाली.

सर जेवायला गेले नाहीत. संगणकाच्या खोलीत बसून त्यांनी पहिलं पान उघडलं. ‘धारूरचा किल्ला’. खाली पांढरी चौकट. तिच्याखाली बारीक अक्षरांत आलं, ‘हे पान आत्ता तुमच्याशिवाय आणखी एक जण पाहत आहे.’

सरांनी शाल उतरवली. किल्ल्यावर ते तासभर बोलू शकत होते. एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं :

‘पंचशीला, तुझा मोबाईल चांगला होता. पानच कोरं होतं.’

हे आता प्राचार्यांनाही दिसणार, समितीलाही. त्यांनी ‘प्रकाशित करा’ दाबलं आणि बारीक अक्षरांकडे बघत बसले.

तो एक जण बराच वेळ तिथंच होता. मग दिसेनासा झाला.