मुदत संपलेला दाखला

"काका, सकाळपासून सगळ्या टेस्ट लाल आहेत," समोरच्या टेबलावरची नवी मुलगी म्हणाली. "आणि ही 'आई' कोण?"

ऑफिसात त्यांना दाखलेकाका म्हणत. नेटवर दोन यंत्रं बोलायला लागली की आधी ओळखीचे दाखले बघतात. एका दाखल्यावर वरच्याची सही, त्याच्यावर आणखी वरच्याची, अशी साखळी. सगळ्यांत वरचा, मूळ दाखला मात्र स्वतःची हमी स्वतःच देतो. प्रोग्राम हे नीट तपासतो का ते पाहायला काका खोटे दाखले बनवत. एक लांबलचक किल्लीचा, म्हणजे सही करायच्या गुप्त आकड्याचा, एक नव्या पद्धतीच्या आखूड किल्लीचा, एक फक्त सर्व्हरसाठी, एक फक्त मेलवर सही करण्यापुरता, आणि मुद्दाम भलत्याच कामाला जुंपलेले दोन-चार. जन्मभर खोटं करून पोट भरलं, असं ते हसत सांगत.

मूळ दाखल्याला नाव काहीही चालतं. दहा वर्षांपूर्वी ते टाइप करत असतानाच आईचा फोन आला, म्हणून त्यांनी 'आई' लिहिलं. तिची हमी तरी हयातीत दुसऱ्या कुणी घेतली होती? बरं वाटत नाही, जरा येऊन जा, एवढंच तिचं म्हणणं होतं. साखळी अर्धवट होती.

"दोन दिवसांत येतो," ते म्हणाले.

"ये सवडीनं."

दुसऱ्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. साखळी तोवर पूर्ण झाली होती, आणि उत्तम झाली होती. त्याचा त्यांना अजून राग येतो.

दहा वर्षांची मुदत म्हणून त्यांनी तेव्हा तीन हजार सहाशे पन्नास दिवस टाकले. लीप वर्षांचे दोन दिवस धरायचे राहिले. नवी साखळी करायची नोंद कॅलेंडरवर परवाची होती. मुदत आजच संपली आणि त्या एका सहीवर उभे असलेले चाळीसच्या चाळीस दाखले बाद झाले. दोन दिवसांचा हिशेब त्यांना याही वेळी जमला नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी नवी साखळी बनवली. मूळ दाखल्याचं नाव ठेवलं 'मूळ-२'.

"जुना उडवू ना?" मुलीनं विचारलं.

"नको. संपलेला दाखला प्रोग्राम नाकारतो का, तेही बघावं लागतं. त्यासाठी आपण खोटी तारीख घालतो. हा खरंच संपलाय. राहू दे."

टेस्ट पुन्हा लावल्या. एकेक ओळ हिरवी होत गेली. शेवटची ओळ आली: 'आई. मुदत संपली. नाकारले.' तीही हिरवी.

"झालं काका, सगळं बरोबर आलं," म्हणत मुलगी जेवायला उठली.

काकांनी तेवढी एकच टेस्ट पुन्हा लावली. उत्तर तेच आलं.