सिरिलच्या लेथचा फोटो

हे मी लिहिणारच नव्हतो. ऑर्म्सबी ग्रुपनं आपल्या शंभर वर्षांचं जाडजूड पुस्तक काढलंय. त्यात बिस्किटांना चार पानं आहेत आणि आमच्या टिप्टनच्या कारखान्याला एक ओळ: ‘त्या वर्षी व्हॉल्व्ह विभागाची फेररचना झाली.’ त्यांनी एका ओळीत उरकलंय, तर मी कशाला बोटं झिजवू? पण परवा माझ्या दोस्ताकडे, नीलकडे जाऊन आलो आणि टाइप करायला बसलो.

त्या वर्षी एका सकाळी सिरिल ट्रोमन्स गुडघे टेकून आपला लेथ, लोखंड कातायचं मशीन, पुसत होता. सिरिल म्हणजे नीलचा बाप. शाळा सुटली तसा तो या लेथला लागला, तो तिथंच राहिला. मालक तेवढे बदलत गेले. फॉक्सॉल बंधूंना साखळ्या बनवणाऱ्यांनी घेतलं, साखळीवाल्यांना बर्मिंगहॅमच्या कुणीतरी, आणि मग सगळ्यांना गिळून ऑर्म्सबी. त्यांच्याकडे विटा होत्या, बिस्किटं होती, रणगाड्यांचे भाग होते, गोल्फच्या काठ्यासुद्धा. गेटवरची पाटी इतक्यांदा रंगवलेली की ओली झाली की खालची नावं वर दिसायची.

शेजारच्या मशीनवरचा सिड रोज सकाळी विचारायचा,

"आज आपण कुणाचे रे? बिस्किटवाल्यांचेच ना अजून?"

त्या दिवशी मात्र तो वेगळंच म्हणाला.

"म्हाताऱ्या, लग्नात तरी एवढं घासलं होतंस का स्वतःला?"

"लग्नाचा फोटो कोण बघतंय," सिरिल म्हणाला. "हा पुस्तकात जाणार."

शंभर वर्षांचं पुस्तक निघणार हे तेव्हापासूनच सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे लंडनहून कॅमेरा घेऊन मिस हॅलम आली, तेव्हा कशाला आलात असं तिला कुणी विचारलं नाही. तीच म्हणाली, "तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं मशीन कुठलं?" अख्ख्या वर्कशॉपनं सिरिलच्या लेथकडे बोट दाखवलं. मीही दाखवलं.

सिरिल नवा डगला घालून, केस ओले करून लेथवर हात ठेवून उभा राहिला.

"जरा बाजूला होता का?" मिस हॅलम म्हणाली.

तो सरकला.

"आणखी थोडं. सावली पडतेय तुमची."

"बाई, याला फार लांब नेऊ नका," सिड ओरडला. "लेथ रडायला लागेल."

सगळे हसले. सिरिलही हसला आणि खांबाच्या मागे जाऊन उभा राहिला. घरी जाऊन त्यानं पुस्तकासाठी टीव्हीवरच्या फळीवर जागा केली. नीलच्या फुटबॉलच्या ढाली पलंगाखाली गेल्या.

पुस्तकाच्या आधी तुर्कस्तानातून दोन माणसं आली. एकाच्या हातात तो फोटो होता. दुसऱ्यानं लेथच्या लांब पट्टीवरून बोट फिरवलं आणि स्वच्छ बोट पहिल्याला दाखवलं. सिरिलला वाटलं, पाहुणे आहेत. त्यानं त्यांना स्वतःच्या किटलीतला चहा दिला. लेथ चालवून दाखवला. थंडीत कुठला गिअर अडतो, त्याला कसं चुचकारायचं, सगळं सांगितलं. निघताना त्या भल्या माणसांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

संध्याकाळी मॅनेजरनं बोलावलं. लेथ विकला गेला होता. त्याच्याबरोबर सिरिलची जागाही गेली.

सिडचं मशीन गंजकं होतं, तेल गळायचं. ते कुणालाच नको होतं, म्हणून सिड आणखी दोन वर्षं टिकला.

लेथ ट्रकवर चढला तो दिवस सिरिलचा शेवटचा. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की सगळे हातोडे, पाने घेऊन मिळेल त्या लोखंडावर ठोकतात. तो गेटबाहेर जाईपर्यंत ठोकतात. कानठळ्या बसतात, आणि चांगले चांगले गडी रडतात. सिडनं हातोडा उचलला. मीही पाना उचलला.

सिरिलनं तळहात वर केला.

"ठेव खाली."

"अरे, तुझा मान आहे तो."

"काम संपवून जातो त्याचा मान. माझं कुठं संपलंय?"

सिडनं हातोडा ठेवला. गेटपर्यंत फक्त सिरिलचे बूट वाजले.

परवा नीलनं चहा टाकला आणि दोन कप घेऊन तसाच ओट्याशी उभा राहिला. वरच्या खोलीतून सिरिलचा खोकला ऐकू येत होता. टीव्हीवरची फळी रिकामीच होती.

"पुस्तक आलं ना?" मी विचारलं.

"आलं. त्यानं एकदा चाळलं आणि शेजारणीला दिलं. तिला बिस्किटं आवडतात."

आम्ही हसलो. मग नील कपात बघत राहिला.

"डॉक्टर ईस्टरपर्यंत म्हणतायत. काल रात्री मी त्याची उशी नीट करत होतो, तर म्हणाला, ‘बस कर पोरा, आता संपलं.’"

मी त्याच्या हातातला एक कप घेतला.

"चर्चमधून शवपेटी बाहेर आणतात तिथं तो लोखंडी कठडा आहे ना," नील म्हणाला, "तो पक्का आहे का रे?"

"आहे."

"सिड येईल?"

"त्याची चाकांची खुर्ची मी ढकलत आणीन."

"आणि हातोडे?"

"आणतो," मी म्हणालो. "सगळ्यांना पुरतील एवढे आणतो."