एका रात्रीत काळी पडणारी वाटी

"ही वाटी एका रात्रीत काळी पडली, तर वाटीला बोल लावू नका. खोलीकडे बघा."

माझा कासार हे म्हणाला तेव्हा माझं अंग अजून गरम होतं. मित्रांनो, मी ते कानाआड केलं. चार माणसांनी आळीपाळीने घण घालून मला आकार दिलेला, ठोक्यांच्या खुणा अंगावर मिरवत मी जगात आलेली, आणि याच्या तोंडी माझ्या काळं पडण्याची गोष्ट. मला तो अपमान वाटला.

मी एक जुनी काशाची वाटी आहे. झाकण माझं जन्मापासूनचंच. माझं गाव सोलगोल, कोरियातल्या गांगवोनच्या डोंगरात. ओकबुन नावाच्या अठरा वर्षांच्या नवरीबरोबर मी इथे आले, त्याला आता पासष्ट वर्षं होतील. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत जायचा. तो पाळीवरून परतेपर्यंत ओकबुन माझ्यात भात भरून, झाकण लावून, खालून चुलीच्या धुराने तापणाऱ्या जमिनीच्या सर्वांत उबदार कोपऱ्यात रजईखाली मला ठेवायची. घरातलं जे माणूस बाहेर असेल, त्याची वाटी आमच्याकडे रिकामी ठेवत नाहीत. तो कितीही उशिरा आला तरी झाकण काढल्यावर वाफ निघायची. माझ्यात भात निवत नसे, याचा मला आजही अभिमान आहे.

मग गावात कोळशाच्या गोल, भोकाभोकांच्या वड्या आल्या. लाकडाऐवजी त्याच चुलीत जळू लागल्या आणि त्यांचा धूर जमिनीखालून फिरून खोल्या तापवू लागला. त्याबरोबर गावातलं सगळं कासं काळवंडलं. बायका घासून घासून थकल्या. दारावर स्टीलवाला आला, त्याने कासं नेलं आणि स्टील दिलं. बोल सगळ्यांनी आम्हालाच लावला. खोलीकडे कोणी बघितलं नाही. ओकबुनने मला तेवढं विकलं नाही, तांदळाच्या कणगीत तळाशी ठेवलं. तिथे मी चाळीस वर्षं काढली.

मला बाहेर काढलं ते ग्युरीने. ग्युरी ही गावातली नवी सून, कॉलेज शिकलेली, इंग्रजी चांगलं. तिची मुलगी सोदाम तेव्हा सव्वा वर्षाची होती. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला ग्युरीने स्पंज चिकटवला होता, आणि सोदाम दोन मिनिटं गप्प बसली की ही तिचा ताप बघायची. अशा या ग्युरीने गावाच्या सभागृहात एक काम सुरू केलं. दर हिवाळ्यात परदेशातून शिक्षकांची एक तुकडी यायची. आमचं जेवणखाण, रीतभात, घरं, सण जवळून बघायचं आणि परत जाऊन आपल्या वर्गात शिकवायचं, यासाठी त्यांचा हा दौरा असे. त्या वर्षी ग्युरीच्या डोक्यात आलं की प्रत्येक पाहुण्याला गावातल्या एकेका घराची काशाची वाटी जेवायला द्यायची. अशा बारा वाट्या तिने मोठ्या कष्टाने मिळवल्या.

मला तिच्या हाती देताना ओकबुन हसत म्हणाली, "सोदामची आई, हिच्या कासाराने माझ्या बाबांना एक गंमत सांगितली होती." आणि ते जुनं वाक्य तिने ऐकवलं.

"आजी, मला आधीच हजार काळज्या आहेत," ग्युरी म्हणाली. "त्यात वाटीची कुठे घालू?"

पहिल्या दिवशी पाहुण्यांनी वाट्या घासल्या. कौलाची बारीक पूड, ओला पेंढा आणि मनगटाचा जोर. मी ब्रॉन्विनबाईंच्या वाट्याला आले. त्या टास्मानियाच्या, सातवीला सामाजिक शास्त्रं शिकवणाऱ्या. बाई घामाघूम झाल्या, पण मी अशी चमकले की त्यांचा चष्मा माझ्यात दिसू लागला. चाळीस वर्षांनंतर कोणी माझ्याकडे बघून हसत होतं.

संध्याकाळी अकरा वाट्या सभागृहाच्या फळीवर गेल्या. मला मात्र ओकबुन कमरेला बांधून घरी घेऊन गेली.

"उद्या न्याहारीला आणून देते. माझा पोरगा बोटीवर आहे. त्याचा भात मी कशात ठेवू, स्टीलमध्ये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सभागृहात आले ती राखाडी होऊन. गावप्रमुख दोकसू काकांनी मला उचलून सगळ्यांना दाखवलं. "बाईंना खडू धरता येतो, पेंढा नाही."

"काका काय म्हणाले?" ब्रॉन्विनबाईंनी विचारलं.

"छान प्रयत्न आहे म्हणाले," ग्युरीने सांगितलं.

"मग एवढे हसले कशाला?"

बाईंनी बाह्या सावरल्या आणि मला पुन्हा घासलं, या वेळी दुप्पट वेळ. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणखी काळी. दोकसू काकाही आता हसले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले. ओकबुनची मान खाली गेली. "माझ्याच हाताचं काळं असेल. आज डोकंही जड आहे. बर्फ पडणार बहुतेक."

ब्रॉन्विनबाईंनी मला हातात धरून बाकीच्या वाट्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ग्युरी, बाकीच्या अकरा वाट्या इथे असतात. ही एकटी घरी जाते. त्या घरात वेगळं काय आहे?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच बोलले असते. यंदा ओकबुनने पुढच्या खोलीचा तेलाचा बॉयलर बंद ठेवला होता. एकटीसाठी अख्खं घर कशाला तापवायचं, पोरगा आला की लावू, असा तिचा हिशेब. मागच्या जुन्या खोलीत ती कोळशाच्या वड्या जाळत होती, आणि जमिनीवर चिकटवलेला तेलकागद कपाटाखाली फाटून खालच्या मातीला बोटभर भेग पडली होती. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. कोळशातल्या गंधकाने मी काळी पडत होते. पण त्याच भेगेतून दुसरा एक वायू येतो, त्याला ना रंग ना वास. माणूस झोपेतच जातो.

"असेल काही. जुनं भांडं आहे," ग्युरी घाईत म्हणाली. कारण तेवढ्यात सोदामने पेंढ्याची काडी तोंडात घातली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी सभागृहात गेलेच नाही.

तिथे काय झालं ते मी नंतर ऐकलं. बारा पाहुणे जेवणाच्या चौरंगांपाशी बसले. भात तयार, सूप तयार, वाट्या अकरा. दोकसू काका म्हणाले, "म्हातारी रुसली असेल. तिच्या वाटीला नावं ठेवली ना आपण." ब्रॉन्विनबाईंनी आपल्यासमोरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं आणि काल विचारलेलंच पुन्हा विचारलं. ग्युरी भात वाढता वाढता थांबली. जी बाई आपली मुलगी कोणाच्या हाती द्यायची नाही, तिने सोदामला ब्रॉन्विनबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि पायात एकच बूट घालून ती धावत सुटली.

मी रजईखाली होते. ओकबुन पहाटे उठायला गेली, गुडघ्यांवर, माझ्यासकट रजई ओढत दारापर्यंत पोचली, तिथे बसली आणि मग आडवी झाली. माझ्यातला भात अजून गरम होता. त्या दिवशी मला त्याचा काडीइतकाही अभिमान वाटला नाही.

दार सरकलं. ग्युरीचा पाय रजईला अडखळला, तशी मी घरंगळत तिच्यासमोर गेले. काळी कुळकुळीत. तिने मला बघितलं, आणि तिच्या तोंडून हळू आवाजात माझ्या कासाराचे शब्द निघाले, "खोलीकडे बघा."

तिने खिडकी उघडली, दार सताड उघडं टाकलं आणि ओकबुनला रजईसकट ओढत बाहेरच्या ओसरीवर आणलं. मागून दोकसू काका पोचले होते, ते ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागले. "आजी," ग्युरी तिच्या गालांवर चापट्या मारत म्हणत होती, "आजी, माझ्याकडे बघा. नाव सांगा. माझं नाव सांगा."

तिने आजीचे तळहात चोळले. मग ओकबुनच्या भुवया जवळ आल्या.

"सोदामची आई, दार लाव ना. ऊब जाईल सगळी."

ग्युरी ओसरीपुढे, रात्री पडलेल्या बर्फातच बसली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. "जाऊ दे, आजी," ती म्हणाली. "आज सगळी जाऊ दे."

ओकबुन तीन दिवस दवाखान्यात होती, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून. त्या तीन दिवसांत गावाने तिची भेग बुजवली, कोळशाची चूल काढली, बॉयलर सुरू केला. ग्युरीने भिंतीवर विषारी वायू आला की वाजणारी घंटी बसवली, आणि गावातल्या एकट्या राहणाऱ्यांच्या इतर सात घरांतही बसवली. दौऱ्याच्या कागदावर त्या दिवसांत हस्तकलेचा तास होता. पाहुण्यांनी तो घरोघर जमिनीवरचे तेलकागद फाटलेत का ते बघण्यात घालवला. ब्रॉन्विनबाई म्हणाल्या की वर्गात सांगण्यासारखं त्यांना याहून दुसरं काही सापडणार नाही.

निघण्याच्या दिवशी बाईंनी मला शेवटचं घासलं. ओकबुन शेजारी बसून चुका काढत होती. "झाकणाच्या आतला तो एक डाग राहू दे," ती म्हणाली. "सगळं चकचकीत केलं तर लोक पुन्हा वाटीच बघत बसतील."

तो डाग अजून आहे. आता दर हिवाळ्यात नवे शिक्षक येतात, तेव्हा ग्युरी आधी माझं झाकण उलटं करून दाखवते आणि मग बाकीचं शिकवते. रात्री मी ओकबुनच्या पुढच्या खोलीत असते, पोराचा भात पोटात घेऊन. सकाळी मी उजळ असते. उजळ असणं म्हणजे काय, हे मला आता कुठे कळलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी जपा, असं मी सांगणार नाही. भांडी पासष्ट वर्षं टिकतात. पण तुमच्या गल्लीत, तुमच्या जिन्याखाली, शाळेच्या वाटेवर कोणीतरी एकटं राहत असेल, रोज ठरल्या वेळी दिसत असेल. ते माणूस आज दिसलं का, आठवून बघा. दिसलं नसेल, तर रुसलं असेल म्हणून सोडून देऊ नका. आत्ता जा. दार वाजवा, उघडलं नाही तर मोठ्या माणसाला बोलवा. आणि आतून कोणी वैतागून म्हणालं, "दार लाव, ऊब जाईल," तर खुशाल लावा आणि घरी या.