पेशीच्या दारातला हात

"पोर आहे की घड्याळ गं ही!" शेजारच्या काकूंचा तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. आईला झटके यायचे आणि तिची गोळी ताईच द्यायची, सकाळी एक, संध्याकाळी एक. ताई बारा वर्षांची, मी पाच. नवी गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले, आणि आईचं अंग भाजल्यासारखं सोलून निघालं. आई गेली. असं कसं झालं, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. त्या गोळीचं नाव मग घरात कुणी काढलं नाही.

ताई आता कपडे शिवते, आणि तिच्या गालात वीज कडाडते. दातांनी दोरा तोडला की वीज, वाऱ्याची झुळूक लागली की वीज. डॉक्टर म्हणाले, नसेचं दुखणं आहे, आणि नेमकी तीच, आईची झटक्यांची गोळी लिहून दिली. चार महिने चिठ्ठी शिलाई मशीनच्या खणात पडून.

"घेत का नाहीस?" मी विचारलं.

"कडू असते."

"तू कधी चाखलीस?"

"गप गं, शहाणी मोठी!"

शेवटी मीच तिला, मी काम करते त्या प्रयोगशाळेत ओढून आणलं. म्हटलं, ही गोळी कुणाला बाधेल ते आता रक्तावरून कळतं, आधी तपासू. सुई पाहून म्हणाली, "टोचायचं काम माझं. कापडाला कसं वाटत असेल, ते आज कळणार."

पाचव्या दिवशी निकाल आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाई, सव्वीस वर्षं हेच काम करतात, तरी दर निकाल नव्या बाळाचं तोंड पाहावं तसा पाहतात. त्यांनी ताईला समोर बसवलं आणि आपला तळहात पुढे धरला.

"प्रत्येक पेशीच्या दारात असा एक हात असतो. आतला एकेक कण तळव्यावर घेऊन शरीराच्या पहारेकऱ्यांना दाखवतो, बघा, घरात हे आहे. आणि गंमत बघा, या हाताची घडण माणसागणिक निराळी. निम्मी आईची, निम्मी बापाची. हजारो तऱ्हा!"

"एवढ्या कशाला?" ताईनं विचारलं. "एकच चांगलीशी पुरली नसती?"

"एकच असती, तर एखाद्या लबाड रोगानं सगळ्यांनाच फसवलं असतं. आता तो एकाला फसवतो, दुसरा त्याला पकडतो. वेगळे आहोत, म्हणून उरलो आपण." बाईंचा आवाज हळू झाला. "तुमची घडण काही मुलखांत दहातल्या एकाकडे असते, काही मुलखांत हजारांत शोधूनही सापडत नाही. वाईट नाही हो ती. फक्त ही एक गोळी त्या तळव्यात चुकीची बसते, पहारेकरी बिथरतात आणि आपलंच घर जाळतात. तुम्हाला दुसरं औषध मिळेल."

बाई उठून गेल्या. ताई स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली.

"आईचाही हात असाच होता?"

"बहुधा तिच्याकडूनच आलाय तुला," मी म्हटलं. "कुणाची चूक नव्हती गं. तेव्हा हे कुणाला ठाऊकच नव्हतं."

"मला ठाऊक होतं." ताईनं गालावर हात दाबून धरला. "पुरळ तिनं आधी मला दाखवलं होतं. म्हणाली, आज गोळी नको गं. मी म्हटलं, घामोळं आहे ते. आणि तिचं तोंड उघडून गोळी घातली. त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशीही."