दसऱ्याला पुजलेली बाटली

"अख्ख्या ठाणे जिल्ह्यात ही बाटली फक्त माझ्याकडं हाय, शेठ. आणि माझ्या लॅबमधे चुकीला जागाच न्हाय!" असं म्हणत केसरीनाथ तरे यांनी अंगठ्याएवढी बाटली ट्यूबलाइटसमोर धरली आणि खोकल्याचं औषध हलवावं तशी खळाखळा हलवली.

बाटलीत फेस झाला.

"सर, ती हलवायची नसते," द्रौपदी म्हणाली. "आणि उजेडात तर अजिबात धरायची नसते. पत्रकात लिहिलंय."

"पत्रक कंपनी लिहिते. लॅब मी चालवतो."

शुगर तपासायला आलेल्या फखरुद्दीन शेठनी मान डोलावली. त्यांचे टेमघरला लूम होते. "सही बात. आमच्या मशीनसोबत पण किताब येते. कोण वाचतो?"

द्रौपदीने बाटली सरांच्या हातातून काढून घेतली, काळ्या कागदात गुंडाळली आणि फ्रीजमध्ये ठेवली. फ्रीजमध्ये एका बाजूला लोकांच्या लघव्या होत्या, दुसऱ्या बाजूला सरांचं ताक. मधल्या कप्प्यात आता विज्ञान आलं.

भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या त्या लॅबच्या पाटीवर 'पॅथॉलॉजिस्ट' असं लिहिलं होतं, कारण पाटी रंगवणाऱ्याने दाखला मागितला नव्हता. सर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत गेले होते आणि तिथून परत आले होते. रक्त काढणं, तपासणं, आकडे लिहिणं हे सगळं द्रौपदी करायची. सर सही करायचे. सही मात्र सुंदर होती.

ते पंच्याण्णव साल. हायवेवर पडघ्याला ट्रक थांबत होते, ड्रायव्हर आजारी पडत होते, आणि एचआयव्हीचं नाव लोक तोंडावर हात ठेवून घेत होते. सरकारला भिवंडीत एक तपासणी केंद्र हवं होतं, आणि लॅबची परीक्षा म्हणून मुंबईहून ही बाटली आणि एक मायक्रोस्कोप आला होता. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक प्रोटीन असतं, कडीसारखं. तो विषाणू नेमकी तीच कडी धरून पेशीत घुसतो आणि पेशी मारतो. अशा कडीवाल्या पेशी शंभरात किती उरल्यात ते मोजलं, की माणसाचं किती बिघडलंय ते कळतं. बाटलीतलं औषध त्या कडीला जाऊन चिकटायचं. त्याला हिरवा रंग जोडलेला होता. खास निळ्या दिव्याच्या मायक्रोस्कोपखाली चिकटलेली पेशी हिरवी चमकायची. चमकल्या तेवढ्या मोजायच्या. काम एवढंच. पण रंग उजेडात मरतो आणि औषध उन्हात मरतं.

केंद्र मिळालं तर द्रौपदी तीन महिने मुंबईला ट्रेनिंगला जाणार होती आणि केंद्राची टेक्निशियन म्हणून तिचं नाव कागदावर लागणार होतं. नाही मिळालं तर तिने जन्मभर तरे सरांच्या सहीखाली शुगर मोजायची. पाहणीला मुंबईहून डॉक्टर माजिदा बुबेरे दसऱ्यानंतरच्या सोमवारी येणार होत्या.

दसऱ्याला द्रौपदी आईला घेऊन नागपूरला गेली. दीक्षाभूमीवर दरवर्षी जायचा त्यांचा नेम. जाताना तिने फ्रीजवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली : 'बाटली काढू नये.'

परत आली तर चिठ्ठीला झेंडूचा हार घातलेला.

तिने फ्रीज उघडला. काळा कागद गायब. बाटलीच्या टोपणावर, गळ्यावर, पार आतल्या काठापर्यंत पिवळंजर्द.

"सर, हे काय?"

"काय म्हणजे? हळदकुंकू. दसऱ्याला हत्यारं पुजत न्हाय काय तुम्ही?" मग तिच्याकडे बघून सर जरा चपापले. "म्हंजे आम्ही पुजतो. आमच्या बापाचे चार लूम होते. सगळ्यांना पुजायचा, तेलाच्या डबीलासुद्धा बोट लावायचा, झाकण काढून. बंद झाकणाला पूजा पोचत न्हाय."

"झाकण काढलं?"

"थोडा वेळ."

"किती?"

"सकाळपासून दिवे लागेपर्यंत. गच्चीवर ठेवली होती, मधोमध. मायक्रोस्कोप जड, तो काय वर नेता येतो? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको? वर दोन हॅलोजन पण लावले होते. फखरुद्दीन शेठ खास येऊन पेढा खाऊन गेले."

द्रौपदी खुर्चीत बसली. "सर, औषध मेलंय. मुंबईला फोन करू, खरं सांगू, दुसरी बाटली मागू."

"खुळी का काय तू? पूजेनं मेलेली वस्तू मी अजून बघितली न्हाय."

"मग निदान एकदा तपासून बघते."

"हात लावायचा न्हाय! मोजके थेंब हायेत. म्याडमसमोरच उघडायची. आणि मीच उघडणार."

सोमवारी डॉक्टर माजिदा आल्या. मूळच्या भिवंडीच्याच, त्यामुळे नाक्यावरचा खड्डा कुठे आहे हे त्यांना ड्रायव्हरआधी माहीत होतं. हातात थर्मास होता, बोलणं मोजकं. सरांनी नवाकोरा पांढरा कोट घातला होता. किमतीची चिठ्ठी अजून कॉलरला होती.

"निरोगी रक्त कोणाचं घेऊ या?" म्याडमनी विचारलं.

"माझंच घ्या! माझ्यापेक्षा निरोगी भिवंडीत शोधून दाखवा."

सरांनी स्वतः रक्तात थेंब टाकले, अर्धा तास नळी अंधारात ठेवली, पेशी धुतल्या, काच लावली. हे सगळं द्रौपदीने मागे उभं राहून पुटपुटत सांगितलं म्हणून जमलं. मग दिवा लावून त्यांनी डोळा लावला आणि ओरडलेच.

"म्याडम! शंभरात शंभर! एक पण पेशी काळी न्हाय!"

म्याडमनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तरे साहेब, निरोगी माणसाच्या शंभरात चाळीस-पंचेचाळीस चमकतात. शंभर कोणाच्याच चमकत नाहीत."

"आमचं खाणं चांगलं हाय, म्याडम. ताजी मच्छी."

"दोन पेशींच्या मधली मोकळी जागा पण चमकते आहे. ती पण मच्छी खाते का?"

त्यांनी कोरी काच मागितली, तिच्यावर रक्ताशिवाय नुसता औषधाचा थेंब टाकला आणि बघितलं. मग बाजूला सरकून सरांना जागा दिली. "बघा. तुमची काच पण निरोगी आहे."

सरांनी बघितलं. काच हिरवीगार चमकत होती. म्याडमनी बाटली उचलली, टोपण नखाने खरवडलं, वास घेतला.

"ही हळद आहे. निळ्या दिव्याखाली हळद झकास चमकते. औषधाचं मला काही दिसलं नाही. कोणी घातली?"

सरांनी द्रौपदीकडे बघितलं. तसं बघण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"माझ्याकडे बघू नका," द्रौपदी म्हणाली. "मी नागपूरला होते. म्याडम, दसऱ्याला बाटलीची पूजा झाली. दिवसभर, गच्चीवर, हॅलोजनखाली. झाकण उघडून."

म्याडमनी चष्मा काढून पुसला. "आणि तुम्ही असता तर?"

"काळ्या कागदात, फ्रीजमध्ये. दोन ते आठ डिग्री. पत्रकात लिहिलंय."

"पत्रक वाचलंत?"

"तीनदा."

म्याडमनी थर्मास उघडला. नाशिकच्या केंद्रासाठी नेत असलेली बाटली त्यात होती. ती त्यांनी द्रौपदीच्या हातात दिली. "करा. आणि तरे साहेब, तुम्ही त्या खुर्चीत बसा. हात मांडीवर."

"माझीच लॅब हाय, म्याडम."

"म्हणूनच खुर्ची देतेय."

द्रौपदीने खिडकीला चादर लावली, थेंब मोजून टाकले, घड्याळ लावलं. तेवढ्यात सर दोनदा उठले. एकदा पंखा लावायला, एकदा म्याडमना चहाबरोबर खारी आवडते का ते विचारायला. दोन्ही वेळा म्याडमनी बोटानेच खुर्ची दाखवली. काच लागली. काळोखात हिरव्या कडा असलेल्या पेशी सुट्या सुट्या चमकत होत्या आणि मधली जागा काळीशार होती. द्रौपदीने दोनदा मोजलं.

"शंभरात त्रेचाळीस."

म्याडमनी स्वतः मोजून बघितलं. त्रेचाळीसच. "केंद्र तुम्हाला द्यायला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या, आणि 'तुम्हाला' म्हणताना द्रौपदीकडे बघत होत्या.

"थँक्यू म्याडम," खुर्चीतून सर म्हणाले.

मंजुरीचं पत्र गुरुवारी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर फॅक्सने आलं. हेच पत्र शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ठाण्याच्या कचेरीत दाखवून नोंद करायची होती. मुदत संपली की केंद्र यादीतल्या पुढच्या लॅबला, असं त्यातच लिहिलं होतं. ट्रेनिंगसाठी द्रौपदीचं नावही त्यात होतं. तिने ते चार वेळा वाचलं.

"सर, आधी झेरॉक्स काढून ठेवा," शुक्रवारी जेवण झाल्यावर ती म्हणाली.

"झेरॉक्स? असला कागद काय रोज येतो? याला जपायला पायजे. तू रिपोर्ट लिही, मी आलो."

दुपारी तीन वाजता केसरीनाथ तरे यांनी पत्र नाक्यावरच्या दुकानात लॅमिनेशनला दिलं. फॅक्सचा कागद गरम झाला की काळा पडतो. मशीनच्या दुसऱ्या बाजूने पत्र चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बाहेर आलं. ते वरपासून खालपर्यंत काळं होतं.