पाटी एकच

नोएमीला वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी लागली आणि तिच्या आईने, तोमासाबाईने, तिसऱ्यांदा फरशीला दोष दिला.

"इस्त्री करून तापलेल्या अंगाने अनवाणी फिरतेस. गारठा तळव्यातून वर चढतो. माझं काय झालं, बघितलंस ना?"

तोमासाबाईचं एक मूत्रपिंड काढून दहा वर्षं झाली होती. तेव्हापासून चोलोमा शहराच्या त्या उकाड्यातही बाई पायमोजे घालून झोपायची.

तिने मक्याच्या केसांचा काढा उकळून तांब्याभर लेकीच्या घशात ओतला. काढा चांगलाच, पण प्यायलेलं टाकायचं कुठे? शर्टांच्या कारखान्यात तीस बायकांच्या रांगेला एकच लाकडी पाटी. ती जिच्या गळ्यात असेल तिनेच संडासला जायचं, तेही दिवसातून दोनदाच. म्हणून शहाण्या बायका सकाळपासून पाण्याला शिवतच नसत. नोएमीही त्यातलीच शहाणी. आज काढ्याने घात केला. दहापर्यंत दोन्ही खेपा संपल्या, आणि पुढचे दोन तास ती दात-ओठ आवळून कॉलर शिवत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धावली.

"पाणी प्यायचं नाही आणि तासन्तास दाबून ठेवायचं, मग दुसरं काय होणार?" डॉक्टरीणबाई करवादल्या. "जंतू वर मूत्रपिंडाकडे चढताहेत. गोळ्या देते, पण अशीच दाबत राहिलीस तर परत येशील."

"फरशीमुळे नाही?"

"फरशी बिचारी काय करणार!"

"मग हे लिहून द्या."

कारखान्यात मुकादमीण आर्जेन्तिनाने कागद वाचला. "पाणी पी म्हटलंय. पी की! कोण नको म्हणतंय?"

"आणि मग जायचं कसं?"

"ते यात लिहिलेलं नाही. तुझ्या कॉलर काय डॉक्टरीण शिवणार?"

नोएमीला रडू आलं, ते रागाचं. संध्याकाळी तिने तो कागद आईसमोर आपटला. "फरशी नव्हे, आई! दाबून ठेवण्याने होतं हे. तुझं मूत्रपिंडही त्यानेच गेलं!"

तोमासाबाईने कागद उचलून दोनदा वाचला.

"आमच्या वेळीही पाटी एकच होती," ती म्हणाली. "वीस वर्षं. आणि मी त्या फरशीला शिव्या घालत बसले."

सकाळी चुलीवर काढा नव्हता. तोमासाबाई पायमोज्यांवर बूट चढवून दारात उभी होती.

"चल. आर्जेन्तिनाला कॉलर लावायला मी शिकवलंय. तेव्हा पाटीसाठी माझ्यापुढे रडायची ती."